दर्यालक्ष्मीचं बटण

तारकर्ली, १२ जानेवारी १९६४

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मग ‘रोज’ या शब्दाकडे पाहून माझा माझ्यावरच विश्वास बसेना. तेव्हा काही घडलं तरच लिहीन.

आज घडलं. आमच्या मच्छीमार सोसायटीची ‘दर्यालक्ष्मी’ सुरू झाली नाही.

दर्यालक्ष्मी ही आमच्या वाडीतली एकुलती एक इंजिनाची होडी. बाकी सगळ्या शिडाच्या, नाहीतर वल्ह्याच्या. इंजिन डिझेलचं आणि एवढं दांडगं की हाताने फिरत नाही. बटण दाबायचं, मग बॅटरीतली वीज त्याला ढोसून उठवते. सरकारी खात्याने ती सोसायटीला चालवून बघायला दिली आहे. फेब्रुवारीच्या मध्याला साहेब येतील. होडी त्यांच्यासमोर नीट सुरू झाली तर राहील, नाहीतर खाडीपलीकडच्या सोसायटीला जाईल. पलीकडचे लोक आत्तापासूनच संध्याकाळी काठावर येऊन तिच्याकडे बघत उभे असतात, स्थळ बघायला आल्यासारखे.

मी सोसायटीची चिटणीस. हे पद मला मिळालं कारण वाडीत पदवीधर मी एकटी, आणि खात्याच्या पत्रांना उत्तरं द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नाही. बाबा काथ्याची दोरी वळतात. मी कोल्हापूरला मामाकडे राहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा बाबांनी सगळ्या वाडीला पेढे वाटले आणि मला एकांतात विचारलं, “पदार्थ म्हंजे खंयचे?”

तर सकाळी आमचा ड्रायव्हर गंगाराम याने बटण दाबलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबलं. टक्. काठावर सगळी वाडी जमली. सोसायटीचे चेअरमन भाई मोठ्याने म्हणाले, “अरे, आपल्याकडे बी.एस्सी. आहे ना? तिला बोलवा!” ते थट्टेने म्हणाले असं नंतर कळलं. मी नेमणूक समजून होडीवर चढले.

गंगारामने कामाची वाटणी लगेच करून टाकली. “तेल, पाणी, नट-बोल्ट माझे. वायरी तुझे. मी वायरीक हात लावूचंय नाय. तेतूर काय दिसणा नाय आणि चावता.”

भाईंचा भाचा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. तो मॅट्रिकच्या परीक्षेला सवयीने बसतो. होडी गेली तर मी चुलीपाशी जाणार हे भाईंनी मला हसतहसत सांगितलं. ते वाईट बातम्या नेहमी हसतच सांगतात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेतला, पण गोड बोलणं जमलं नाही.

विजेचा रस्ता कागदावर काढला. बॅटरीतून वायर निघते ती सुकाणूच्या खोपटात, भिंतीवरच्या मोठ्या चावीपाशी, म्हणजे मुख्य स्विचपाशी, जाते. चावी फिरवली की रस्ता मोकळा. तिथून इंजिनाच्या लोखंडी पेटीवर, वरच्या बाजूला बसवलेल्या बटणाकडे. बटण दाबलं की पुढे स्टार्टरकडे. बस्स. वीज ही सभ्य बाई आहे; दिलेल्या रस्त्याने जाते आणि रस्ता तुटला की थांबते. वाडीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल मी एवढं खात्रीने लिहू शकत नाही.

मोटारीच्या दिव्याला दोन वायरी जोडून तपासणीचा दिवा केला. जिथे लावला आणि पेटला तिथपर्यंत वीज आली. बॅटरीपाशी पेटला. चावीच्या पुढे पेटला. बटणाच्या पुढेही, बटण दाबून धरल्यावर, पेटला. म्हणजे बटण निर्दोष. त्याच्या डबीवर कंपनीचं लाखेचं सील आहे, आणि ‘सील तोडल्यास जबाबदारी आमची नाही’ असं छापलेलं आहे. नियम तो नियम.

मग दोष बॅटरीचाच. बॅटरी बैलगाडीतून मालवणच्या मोटार-गॅरेजात रवाना केली. गाडीवानाने विचारलं, “ह्येका चारा-पाणी काय लागता?” मी त्याला पाच मिनिटं ऊर्ध्वपातित पाण्याबद्दल सांगितलं. तो नंतर बैलांशीच बोलत गेला.

१८ जानेवारी

बॅटरी भरून आली आणि होडी सुरू झाली! गंगारामने बटण दाबलं आणि इंजिनाने असा आवाज काढला की काठावरच्या कोंबड्या उडाल्या.

बाबलीकाका रडले. ते होडीचे तांडेल, म्हणजे समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा. डावा खांदा वल्ह्यांनी कायमचा खाल्ला आहे, हात कानाच्या वर जात नाही. म्हणाले, “गो बीएस्सी, वाऱ्याची वाट बघीत मी म्हातारो झालंय. आता माका वारो नको.” मला ते नावाने हाक मारत नाहीत. पदवीनेच मारतात, तीही घरातल्या मांजरीला मारावी तशी.

मग त्यांनी इंजिनासमोर उभं राहून रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आज ह्या सोसायटीची होडी, तिचा ह्या इंजिन, तेची काय वाकडी नजर झाली असात, काय चूकभूल झाली असात, ती पोटात घाल...” सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” इंजिनाच्या पेटीच्या लोखंडी काठावर नारळ फोडला, पाणी पेटीवर आणि बटणावर ओतलं, बटणाला कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

मी सुधारक असल्यामुळे विरोध करीन अशी भाईंना आशा असावी, कारण ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मी सर्वांसमोर म्हटलं, “फोडा हवे तेवढे नारळ. श्रद्धा आणि वायरिंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.” वाक्य मला इतकं आवडलं की इथे पुन्हा लिहून ठेवते आहे.

२० जानेवारी

बंद. आता ‘टक्’सुद्धा नाही.

२३ जानेवारी

सगळ्या वायरी बदलल्या. खाऱ्या हवेने तांबं आतून सडतं, हे मला आधीच सुचायला हवं होतं. दोन दिवस होडीच्या पोटात वाकून काम केलं. पाठ आता प्रश्नचिन्हासारखी झाली आहे. गंगाराम वायरी धरायला तयार झाला, पण हाताला फडकं गुंडाळून आणि तोंड दुसरीकडे करून.

दुपारच्या उन्हात बटण दाबलं. थोडा वेळ रुसली आणि मग सुरू झाली. आनंद. गाऱ्हाणं. मागच्या वेळी एक नारळ कमी पडला असावा असं भाईंचं मत पडल्यामुळे या वेळी दोन. माझ्या नावाचाही गाऱ्हाण्यात उल्लेख झाला: “ह्या चेडवाच्या हाताक यश दी!” व्हय म्हाराजा. मीही पुटपुटले. सभ्यतेपोटी.

२५ जानेवारी

बंद.

भाई म्हणाले, “बाई, तुमची विद्या दोन दिवस टिकते, नाही का?”

३१ जानेवारी

विजेला परत यायलाही रस्ता लागतो, आणि तो इंजिनाच्या लोखंडातून असतो. तिथला रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, परतीची वायर घट्ट आवळली. होडी आठवडाभर नुसती उभी होती, रोज ऊन खात. सुरू झाली. नारळ. पाणी. झेंडू. या वेळी बायकांनी इंजिनाला हळदही लावली. ते आता नवरीसारखं दिसतं.

मला मात्र आनंद झाला नाही. मी दिवसभर वाट पाहत बसले, ते बंद कधी पडेल याची.

२ फेब्रुवारी

काल सकाळी पडलं.

रात्री जेवताना आई म्हणाली, “माका काय कळणा नाय, पण नारळ फोडलो त्या दिवशी तरी बोट चालता. तुझ्या वायरीन काय होता?”

मी तिला योगायोग आणि कार्यकारणभाव यांतला फरक समजावून सांगितला. पावसाचं उदाहरण दिलं, बेडकांचं दिलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आधी नारळ, मगे बंद. तुझा बेडूक खंय बसता ह्याच्यात?” मी तिला म्हटलं, आई, तू विषय भरकटवतेस.

बाबांनी मुंबईच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आहे. मी म्हटलं, साहेब येऊन जाईपर्यंत थांबा. बाबा म्हणाले, “बरा,” आणि दोरी वळायला लागले. बाबांना माझ्या कामाची कदर आहे, म्हणून ते थांबायला तयार झाले. आईने तोंड फिरवून डोळे पुसले. कांदा चिरत असावी.

६ फेब्रुवारी

आज एक विलक्षण निरीक्षण.

होडीवर एकटीच होते. मुंग्यांची रांग नांगराच्या दोरावरून चढून, फळीवरून चालत थेट बटणाकडे जात होती. फुलांकडे नाही, इंजिनाच्या ऊबदार भागाकडे नाही, नेमकी बटणाकडे. बटणाभोवतीच्या कड्याखालच्या फटीत शिरायच्या आणि तोंडं पुसत बाहेर यायच्या.

मी तासभर बघत बसले. माझा तर्क असा: वीज जाते तिथे चुंबकत्व निर्माण होतं, आणि मुंग्यांना चुंबकत्व जाणवत असावं. यावर कुणी संशोधन केलं आहे का, हे कोल्हापूरच्या प्राध्यापकांना विचारायला हवं. शोधनिबंधाला ‘पिपीलिका आणि विद्युत्’ असं नाव ठेवता येईल. दोन पानं टिपणं काढली.

बाबलीकाका जाळं घेऊन आले. मी त्यांना चुंबकत्व समजावलं. त्यांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बटणाकडे.

“गो बीएस्सी,” ते म्हणाले, “मुंगी खंय जाता?”

“चुंबकाकडे.”

“बरा,” म्हणाले, आणि जाळं घेऊन पलीकडे जाऊन बसले. त्यांचे खांदे हलत होते. डावा दुखत असावा.

७ फेब्रुवारी

मी गाढव आहे.

सील तोडलं. जबाबदारी माझी. डबी उघडली तर आत दोन तांब्याचे पत्रे, जे बटण दाबल्यावर एकमेकांना भिडायला हवेत. ते हिरवे झाले होते आणि त्यांच्यावर काकवीसारखा थर बसला होता. थरात दोन मेलेल्या मुंग्या आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा. बोटाने थर काढून मी जिभेला लावला. हे शास्त्रीय नाही, पण जवळ दुसरं उपकरण नव्हतं.

गोड.

नारळाचं पाणी बटणाच्या फटीतून आत जातं. ओलं असेतो काम चालून जातं. एक-दोन रात्रींत वाळतं, चिकट होतं, तांबं हिरवं करतं, आणि सकाळी दोन पत्रे एकमेकांना नावापुरते शिवतात. भर उन्हात थर मऊ पडला की ते पुन्हा भिडतात, आणि श्रेय माझ्या वायरींना मिळतं. तपासणीचा दिवा फार थोडी वीज पितो. त्याला नावापुरता स्पर्श पुरतो, म्हणून तो प्रत्येक वेळी पेटून मला फसवत होता. स्टार्टर ढसाढसा पितो. त्याला पत्रे घट्ट भिडलेले हवेत. हे पुस्तकात होतं. परीक्षेत मी यावर पूर्ण उत्तर लिहिलं होतं.

म्हणजे पहिला दोष तेवढा खरंच बॅटरीचा होता; त्यानंतर मी होडी दुरुस्त करत होते, त्या आनंदात आम्ही ती बिघडवत होतो, आणि ‘फोडा हवे तेवढे नारळ’ ही परवानगी दिली होती चिटणीसांनी.

पत्रे वाळूच्या कागदाने घासले, डबी पुसली, फटीला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळला. गंगारामने बटण दाबलं. पहिल्याच फटक्याला सुरू. बंद केलं, पुन्हा दाबलं. सुरू. गंगाराम इतका खूश झाला की त्याने वायरीला उघड्या हाताने थोपटलं. मग हात झटकला.

८ फेब्रुवारी

सोसायटीची सभा. मी नम्रपणे सांगितलं की नारळ इंजिनावर फोडू नये.

भाई उठले. सभेत ते नेहमी शुद्ध बोलतात. “म्हणजे इतके दिवस होडी देवाने बंद पाडली, असं चिटणीसबाईंना म्हणायचं आहे का?”

“देवान नाय, नारळान,” बाबलीकाका म्हणाले.

“नारळ देवाचाच ना?”

“पाणी नारळाचा, भाईनू. देव काय बटणात शिरणा नाय. तेका दुसरी कामा आसत.”

बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, नारळ नुसता दाखवून घरी न्यावा. त्यावर, देवाला दाखवून परत नेणारी वाडी कुठली, असा प्रश्न निघाला. शेवटी ठरलं की नारळ होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला फोडायचा, आणि इंजिनाला लांबून हात जोडायचे. तेवढ्यात कुणीतरी भाईंना आठवण करून दिली की साहेबांच्या हस्ते नारळ फोडायचा आहे. भाई म्हणाले, “ते माझ्यावर सोडा.”

जे भाईंवर सोडतात ते सहसा परत मिळत नाही.

१५ फेब्रुवारी

साहेब येऊन गेले. क्रमाने लिहिते.

साहेब उंच, पांढरी पँट, चेहऱ्यावर समुद्र लागल्याची छटा. होडी अजून काठालाच होती तरी. भाईंनी हार घातला, भाषण केलं, आणि साहेबांच्या हातात नारळ देऊन त्यांना थेट इंजिनाच्या पेटीपाशी नेलं. मालवणचा फोटोवाला तिथे उभा केलेला होता. फोटो इंजिनासह यावा, अशी भाईंची इच्छा.

मी म्हटलं, “भाई, नाळेवर ठरलं होतं.”

“फोटोत नाळ येत नाही,” भाई दात आवळून म्हणाले.

ट्यूबचा रबर शिंतोड्यांसाठी होता. पण भाईंनी नारळासोबत एक तांब्याही भरून ठेवला होता, इंजिनाला अभिषेक करायला. नारळपाणी, दूध आणि मध. मला मधच दिसत होता. साहेबांनी नारळ वर उचलला.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. मी साहेबांच्या हातातला नारळ काढून घेतला, “माफ करा” म्हटलं, पुढे धावत गेले आणि नाळेवरच्या नांगराच्या लोखंडावर हाणला. दोन सरळ भकलं झाली. पाणी समुद्रात गेलं.

काठावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग मला कळलं मी काय केलं ते. देवापुढचा नारळ बाईने फोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. खोवायचा, वाटायचा, पिळायचा तो बायकांनीच. फोडायचा मान तेवढा पुरुषांचा. त्यातून होडीवर, त्यातून बिनलग्नाची मुलगी. काठावर आईने तोंडावर पदर घेतला. एका म्हातारीने स्पष्ट शिवी हासडली, “शिरा पडली गो हिच्या शिकण्यार!”

गंगाराम शहाणा. पुढची शिवी यायच्या आत त्याने बटण दाबलं.

दर्यालक्ष्मी सुरू झाली. साहेबांनी ती तीनदा बंद करून तीनदा सुरू करायला लावली. खाडीच्या तोंडापर्यंत फेरी मारली, तिथून मात्र घाईने परत फिरायला सांगितलं. उतरताना ते भाईंना म्हणाले, “तुमच्याकडे कुमारिकेने नारळ फोडायची प्रथा आहे तर! फार छान. अहवालात लिहीन. स्त्रियांचा सहभाग.” भाई म्हणाले, “होय, पूर्वापार.”

होडी आमचीच राहणार. पलीकडच्या काठावरचे लोक घरी गेले.

१८ फेब्रुवारी

आनंद तीन दिवस पुरला. आजच्या सभेत भाईंनी ठराव मांडला: बाईमाणसाने नारळ फोडून होडीला अपशकुन केला, सबब चिटणीसपद त्यांच्या भाच्याकडे द्यावं आणि होडीवर बाईचं पाऊल नको. जे परवा साहेबांपुढे पूर्वापार होतं ते आज अपशकुन झालं. निम्म्या माना हलल्या. होडी मिळाली आहे. आता मला कोण विचारतो?

बाबलीकाका सावकाश उठले. “भाईनू, अपशकुन झालो काय नाय, ता आमी कित्या ठरवूचा? होडयेकच इचारूया. परवा तुमी नारळ फोडा, तुमच्या हातान, खंय फोडूचो थंय. गंगाराम बटण दाबतलो. होडी सुरू झाली तर बीएस्सी घराक. नाय झाली तर हिच्याच हातान फोडूक लावया.”

भाई लगेच कबूल झाले. का होणार नाहीत? होडी रोज सुरू होते आहे.

मला बाबलीकाकांचा अभिमान वाटला. सभेत कुणीतरी पहिल्यांदाच प्रयोग करून बघू म्हणालं! मी उभी राहून पाठिंबा दिला. एकच अट घातली: नारळ नाळेवरच. घरी येताना प्रयोगाचा निकाल काय लागणार ते ध्यानात आलं. होडी सुरू होणारच. बटण मीच दुरुस्त केलं आहे, रबर मीच गुंडाळला आहे. माझं काम चोख असल्यामुळेच मी घरी बसणार.

गंगारामला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मगे थोडा बिघडव ना!” मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. सत्यासाठी नोकरी गेली तरी चालेल. मात्र आईला अजून सांगितलेलं नाही. मुंबईच्या स्थळाचा फोटो बाबांनी आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवला आहे. मिशा बऱ्या आहेत.

२० फेब्रुवारी

प्रयोग झाला.

भाईंनी नवं धोतर नेसलं होतं. भाचा माझ्या खुर्चीत बसण्याच्या तयारीनेच आलेला. बाबलीकाका खांदा दुखतो म्हणून सुकाणूच्या खोपटात भिंतीला टेकून बसले होते, बिडी ओढत. भाईंनी नाळेवर नारळ फोडला. पाचव्या फटक्याला फुटला. गंगारामने बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

काठावरून हुंकार उठला. भाईंचा चेहरा नारळाच्या खोबऱ्यासारखा झाला. मला प्रथम आनंद झाला, त्याची मला लाज वाटते. मग भीती वाटली, बटण पुन्हा गेलं की काय. तपासणीचा दिवा घेऊन धावले. बॅटरीपाशी दिवा पेटला. चावीच्या पुढे पेटला नाही. खोपटात वाकून बघते तर भिंतीवरची मोठी चावी बंद होती! बाबलीकाकांच्या डोक्याच्या बरोब्बर वर.

मी ओरडले, “चावी बंद आहे! प्रयोग रद्द! पुन्हा करू!”

“चावी कसली गो?” बाबलीकाका चावीच्या आड उभे राहून त्याहून मोठ्याने ओरडले. “इंजिनाचा मन नाय! घे, नारळ घे!”

मी काठावरच्या लोकांना समजावू लागले की होडीचा आणि माझ्या हाताचा काही संबंध नाही, मी बाई असो वा बुवा, विजेला फरक पडत नाही. कुणी ऐकेना. परवा मला शिव्या घालणारी म्हातारीच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, “फोड गो चेडवा, फोड!” आई पुढे उभी होती, पदर तोंडावर नव्हता. शेवटी वैतागून मी नाळेकडे गेले. बाबलीकाका आगपेटी राहिली म्हणून पुन्हा खोपटात गेले. मी एका फटक्यात नारळ फोडला, गंगारामने बटण दाबलं, आणि दर्यालक्ष्मी गरजली. गंगारामला त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली. तो इंजिनाच्या पेटीवर आडवा पडून खोकत होता.

भाईंचा ठराव भाईंनीच मागे घेतला. आता ठरलं आहे की हंगामात दर सोमवारी, होडी सुटण्याआधी, नारळ चिटणीसबाईंनीच फोडायचा. चिटणीस बदलायचा नाही, नाहीतर होडी रुसते. बाबलीकाका जातीने घरी येऊन बाबांना म्हणाले, “दाजी, हिका मुंबैक धाडशात तर आमी उपाशी मरतलो.” बाबांनी आरशातला फोटो काढून कपाटात ठेवला. आईने बाबलीकाकांना दोनदा चहा दिला. घरात साखर कमी आहे हे ती विसरली असावी.

मला मात्र रात्रभर झोप लागायची नाही. मी बी.एस्सी. होऊन वाडीत एका नव्या अंधश्रद्धेची देवी झाले आहे. बाबलीकाकांना तसं बोलून दाखवलं, तर ते एक डोळा बारीक करून नुसते माझ्याकडे बघत राहिले. बिडीचा धूर गेला असेल.

२१ फेब्रुवारी

सकाळी होडीवर जाऊन चावी तपासली. लाटेच्या हेलकाव्याने ती आपोआप बंद आणि मग आपोआपच सुरू झाली असणार, दुसरं कारण संभवत नाही. हलवून बघितली, ठोकून बघितली, ढिम्म हलेना. फारच घट्ट आहे, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. खात्याकडे नवी चावी मागावी, झाकणासकट, असं बाबलीकाकांना म्हटलं.

“नको गो,” ते म्हणाले. “हीच बरी आसा.”

“अहो, पण एवढी घट्ट चावी लाटेने फिरली कशी?”

बाबलीकाकांनी बिडी पेटवली आणि खाडीच्या तोंडाकडे बघितलं.

“दर्यात बळ खूप आसा, बीएस्सी.”

याचं गणित मांडून बघायला हवं.